रोपणानंतरचा संसार सांभाळणारे डॉक्टर

डॉ. माधव हुक्केरीकर यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडणही टेलिफोनवर झाले. साठीच्या गौरवग्रंथात असे लिहू नये म्हणतात. पण सुरुवातीलाच खोटे लिहिले तर पुढच्या कौतुकावर कोण विश्वास ठेवणार?

बेंगळुरूत राजाजीनगरला माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. बुधवारी सकाळी तिथे लसी टोचते. त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर आया, आज्या, दुपटी, दुधाच्या बाटल्या आणि आतून येणारे रडण्याचे सूर यांचा नुसता कल्लोळ असतो. नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. अशाच एका बुधवारी त्या गर्दीत एक उंचेपुरे गृहस्थ बसलेले दिसले. चाळिशी ओलांडलेली, डोक्यावर नुकते उगवू लागलेले केस, तोंडाला कापडी पट्टी. मला वाटले, मुलाला घेऊन आले असतील. नंबर आला तेव्हा ते एकटेच आत आले, बाळांच्या आयांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले आणि शर्टाची बाही वर करून म्हणाले, "पहिला डोस द्या, मॅडम. धनुर्वात, घटसर्प, सगळं पहिल्यापासून."

"कुणाला?"

"मलाच की. हुक्केरीकर डॉक्टरांनी पाठवलंय."

कुणीतरी माझी चेष्टा करते आहे अशी माझी खात्री झाली. स्वभावाने मी तापट आहे, हे या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहेच. मी तिथल्या तिथे फोन लावला. "तुमचा पेशंट चाळीस वर्षांच्या पुढचा आहे, आणि हा लहान मुलांचा दवाखाना आहे," मी सुनावले. पलीकडून शांत आवाज आला, "नाही हो बाई. ते अजून वर्षाचेही झालेले नाहीत." मी फोन आदळला. तेव्हा स्टुलावरचे गृहस्थ मला धीर देत म्हणाले, "स्वल्प थांबा, मॅडम. ते परत फोन करतात. सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं." आणि खरोखरच फोन वाजला.

त्या रविवारी डॉक्टर स्वतः माझ्या घरी आले. साखर न घातलेला चहा घेतला आणि मला, एका शिकल्यासवरल्या डॉक्टरीणबाईला, न दुखवता तासभर शिकवले. रक्ताच्या आजारात हाडांमधली बिघडलेली मज्जा औषधांनी पार नष्ट करतात, आणि जुळणाऱ्या भावाची किंवा बहिणीची मज्जा रक्ताच्या बाटलीसारखी शिरेतून देतात. ती आपली वाट शोधत हाडांत जाऊन बसते आणि नवे रक्त तयार करू लागते. काही आठवड्यांत पांढऱ्या पेशींची संख्या वर येते. नातेवाईक पेढे वाटतात. पण त्या नव्या पेशींना जगातले काहीच ठाऊक नसते. लहानपणी टोचलेल्या लसी, येऊन गेलेला गोवर, पचवलेली सर्दीपडशी, शरीराने जन्मभर शिकलेले सारे पुसले जाते. आपले कोण आणि परके कोण हे त्या शरीराला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. त्यात वर्ष जाते, दोन वर्षे जातात, कुणाकुणाची त्याहून जास्त. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या बाकावरची पोरं आणि माझी पोरं एकाच इयत्तेत आहेत. तुम्ही फक्त माझ्या पोरांना हाकलू नका."

मी हाकलले नाही. तेव्हापासून बुधवारच्या बाकावर तान्ह्या बाळांच्या शेजारी बाही वर केलेला एखादा कारकून, एखादी कॉलेजातली मुलगी, एकदा तर निवृत्त झालेले एक हेडमास्तरही बसलेले असत. हेडमास्तर सुई पाहून डोळे मिटून घेत.

डॉक्टर मूळचे बेळगावकडचे. घरात मराठी, शाळेत कन्नड, पुढचे शिक्षण इंग्रजीत. त्याचा परिणाम असा झाला आहे की ते आकडे कन्नडमध्ये मोजतात, रागावतात मराठीत आणि केसपेपर इंग्रजीत लिहितात. परदेशात राहून ते अस्थिमज्जारोपण शिकून आले, तेव्हा ते बेंगळुरूत रोपणाचे मोठे केंद्र काढणार असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. त्यांनी काय काढले? एका रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून असलेल्या दोन खोल्यांत, रोपण *झालेल्या* रुग्णांचा दवाखाना. त्या काळी आपल्या भागातली माणसे रोपणासाठी लांबच्या शहरांत जात आणि पिशवीभर गोळ्या घेऊन परत येत. घरी आल्यावर ताप चढला, अंगावर पुरळ उठले, तोंड आले, की विचारायचे कुणाला, हे त्यांना कळत नसे. रोपण करणारे डॉक्टर हजार मैलांवर, आणि गल्लीतले डॉक्टर त्या पिशवीकडे बघूनच घाबरत.

"रोपण म्हणजे लग्न," डॉक्टर म्हणतात. "लग्नाला सगळे येतात, फोटो काढतात, जेवून जातात. संसाराला कोण येतो? मी संसाराचा डॉक्टर आहे." त्यांच्याबरोबरचे काही जण, हा तलवार चालवायला शिकून आला आणि ढाली विकत बसला, असे म्हणत. डॉक्टरांच्या कानांवर ते गेले तेव्हा त्यांनी, "ढाल कुणाकडे मिळते हे तरी लोकांना कळलं," एवढेच उत्तर दिले.

त्यांचे नियम कडक. ताप आला की आधी फोन करायचा, गोळी नंतर. न विचारता कुणी तापाची गोळी घेतली तर ताप लपतो आणि आतला जंतू मोकाट सुटतो, म्हणून या एका गुन्ह्याला त्यांच्याकडे क्षमा नाही. मराठीत जे काही ऐकवतात ते इथे छापता येणार नाही. दुसरा नियम फुलांचा. ओल्या फुलापानांत आणि मातीत बुरशी असते, ती नव्या रक्ताच्या माणसाच्या फुप्फुसात गेली तर जीव घेते. आता या गावात बायकांच्या केसांतली मल्लिगेची फुले काढून ठेवायला लावणे म्हणजे केवढा गुन्हा! पण दवाखान्याच्या दाराबाहेर एक परडी असे आणि आत येणारी प्रत्येक जण, नर्स असो की एखाद्या मंत्र्याची पत्नी, गजरा त्या परडीत ठेवूनच आत जाई. इथल्या आपल्या मराठी मंडळाने एकदा गणेशोत्सवात त्यांचा सत्कार ठेवला. अध्यक्ष हार घेऊन पुढे आले आणि डॉक्टर मागे सरकले. त्यांना तिथून एका रुग्णाच्या घरी जायचे होते. अध्यक्ष एक पाऊल पुढे, डॉक्टर एक पाऊल मागे, असे करत दोघे व्यासपीठाच्या कडेला पोचले. शेवटी तो हार डॉक्टरांच्या खुर्चीला घातला गेला आणि टाळ्याही खुर्चीलाच मिळाल्या.

पण नियमाच्या आड दडून माणसाला दुखवणे त्यांना कधी जमले नाही. रुग्ण बरा होऊन घरी आला की सत्यनारायण हा ठरलेलाच. घरच्यांची इच्छा, त्याने प्रसाद घ्यावा, तीर्थ घ्यावे. डॉक्टर म्हणत, शिरा चालेल, कढईतून गरम गरम वाढा. पण कच्च्या दुधादह्याचे पंचामृत चालणार नाही. म्हातारी माणसे हिरमुसली होत. मग डॉक्टर स्वतःचा तळहात पुढे करत, "त्याच्या वाटचं मला द्या. देवाला हिशेब कळतो." एका श्रावणात त्यांनी इतक्या घरची पंचामृते पेशंटच्या वतीने घेतली की शेवटी त्यांचेच पोट बिघडले, आणि तीन दिवस नुसत्या ताकभातावर काढावे लागले.

कौतुकाच्या लेखात दोषही सांगावेत, नाहीतर वाचणाऱ्याला माणूस दिसत नाही. डॉक्टरांना गाडी चालवता येत नाही, तरी ते चालवतात. विनोद सांगायला लागले की शेवट आधी सांगून बसतात. आणि कुणाची स्तुती करायची वेळ आली की त्यांच्या तोंडून "सरी", म्हणजे "ठीक", या एका कन्नड शब्दापलीकडे काही निघत नाही. त्यांच्या तोंडून एकदा "सरी" मिळावे म्हणून आम्ही किती जण वर्षानुवर्षे राबलो आहोत!

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. सुनंदाची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेऊनच सांगते आहे.

सुनंदा निपाणीकडची. नवरा प्रकाश होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात नोकरीला, घरात सासू. सासूला ती तिकडच्या पद्धतीप्रमाणे आत्या म्हणते, म्हणून आम्हा सगळ्यांच्याच त्या आत्या. पहिली मुलगी गौरी अगदी अंगावर पीत असतानाच सुनंदाला रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले. सख्खा भाऊ रमेश याची मज्जा तिला जुळली. रमेशचे यशवंतपूरच्या बाजारात कांद्याबटाट्याचे दुकान. सुनंदा रोपणासाठी दूरच्या शहरात गेली तेव्हा गौरीला रमेशच्या घरी, मामीजवळ ठेवले. रोपण चांगले झाले, सुनंदा होसकोटेला परत आली आणि हुक्केरीकर डॉक्टरांच्या हाती सोपवली गेली. लहान मूल घरात आले की गावातली सगळी सर्दीखोकल्याची दुखणी त्याच्याबरोबर येतात. म्हणून पहिले काही महिने गौरी मामाकडेच राहावी असे डॉक्टरांनी सांगितले. सुनंदाने ते सोसले. तिचे एकच विचारणे असे, "डॉक्टर, मी तिला घेऊ कधी?"

पेशी वाढल्या, ताप थांबले, रंग उजळला. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, येत्या रविवारी गौरीला घरी आणा. मुलीला एकदा तपासून घ्यायला म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे पाठवले, आणि इथे आमचे दुसरे भांडण झाले.

आईच्या आजारपणाच्या धावपळीत गौरीचे पोलिओचे डोस राहून गेले होते. आणि रमेशच्या दुकानामागच्याच वस्तीत नुकताच एका मुलाचा पाय लुळा पडला होता. मी म्हटले, या मुलीला आजच्या आज थेंब पाजणार. डॉक्टर म्हणाले, थेंब पाजलेत तर ती आईकडे जाणार नाही. थेंबांमधला विषाणू दुबळा असला तरी जिवंत असतो. तो मुलाच्या पोटातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. माझ्या-तुमच्या शरीराला त्याचे काही नाही, पण सुनंदाच्या कोऱ्या शरीराला तो मानवेलच असे नाही. मी म्हटले, तुमची पेशंट आई, माझी पेशंट मुलगी, मी मुलीला उघडी ठेवणार नाही. ते म्हणाले, मी आईला धोक्यात घालणार नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते. असली भांडणे मिटता मिटत नाहीत.

तोड डॉक्टरांनीच काढली. मृत विषाणूचे पोलिओचे इंजेक्शन परदेशात मिळते, ते दिले तर मुलगी सुरक्षित आणि आईलाही धोका नाही. आपल्याकडे तेव्हा ते दुकानात मिळत नसे. डॉक्टरांनी चार दिवसांत सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून रीतसर परवानगी काढली. मंडळातला अभिजित, पुण्याहून इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आलेला मुलगा, कामासाठी परदेशी गेला होता. त्याने ती कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून, विमानात मांडीवर घेऊन आणली आणि शनिवारी डॉक्टरांच्या हाती दिली. ठरले असे की रविवारी सकाळी मी डॉक्टरांकडे जायचे, तिथून दोघांनी होसकोटेला जायचे, रमेशने गौरीला घेऊन परस्पर तिथे यायचे, मी इंजेक्शन द्यायचे आणि गौरी आईच्या मांडीवर.

रविवारी मी पोचले. डॉक्टर खुशीत होते. त्यांनी प्रयोगशाळेतले शीतकपाट उघडले आणि सर्वांत खालच्या, सर्वांत थंड कप्प्यातून ती कुपी काढून अभिमानाने माझ्या हातात ठेवली. आतले औषध दगडासारखे गोठले होते.

डॉक्टरांचा सारा जन्म रक्ताचे घटक गोठवून जपण्यात गेला. जपायचे म्हणजे गोठवायचे, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेले. त्यातून पोलिओचे थेंब गोठवून ठेवतात हेही त्यांनी ऐकलेले. इंजेक्शनाचे नेमके उलटे असते, ते गोठले की संपले. थर्मासमधल्या बर्फावर ते सातासमुद्रापलीकडून धड आले, आणि जगातल्या सर्वांत काळजीवाहू माणसाने अतिकाळजीने ते एका रात्रीत नासवले.

"वितळल्यावर?" त्यांनी विचारले.

"पाणी," मी म्हटले.

डॉक्टर खुर्चीत बसले. अभिजित तिथेच होता, त्याचा चेहरा रडवेला झाला. तो म्हणाला, "सर, ॲक्चुअली, कुणाला कळणार आहे? बेबीला हार्म तर काही नाही ना? आज देऊन टाकू. नेक्स्ट ट्रिपला मी फ्रेश घेऊन येतो. त्या बिचाऱ्या वाट बघतायत."

त्याच्या मनात सुनंदाविषयी कळकळच होती, म्हणून मला त्याचा राग आला नाही. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते पटले. डॉक्टरांनी कुपी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "त्या पोरीच्या पायांना कळेल. चला बाई. आणि तुमचे थेंब बरोबर घ्या."

त्या दिवशी त्यांनी गाडी इतकी सावकाश चालवली की मागचे रिक्षावाले शिव्या देत होते. आम्ही पोचलो तेव्हा रमेश गौरीला कडेवर घेऊन फाटकाबाहेर उभा होता. सुनंदा दारात. अंगावर पोपटी इरकल, डोक्याला रुमाल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की माझ्याने तिच्याकडे बघवेना. डॉक्टर अंगणात उभे राहिले आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "सुनंदा, गौरीला आज तुझ्याकडे देता येणार नाही. औषध आलं होतं. मी ते चुकीच्या ठिकाणी ठेवून नासवलं. चूक माझी आहे. रमेशची नाही, बाईंची नाही, आणि तुझ्या नशिबाची तर मुळीच नाही."

शेवटचे वाक्य त्यांनी आत्यांकडे बघून म्हटले. आत्या घरातल्या दुखण्याचे खापर नेहमी नशिबावर, आणि अधूनमधून सुनेच्या पायगुणावर फोडत, हे त्यांना माहीत होते. आत्या कडाडल्या, "येवढं शिकूनसवरून औषध कुठं ठेवायचं ते ठावं न्हाई व्हय तुमास्नी?"

"न्हवतं ठावं, आत्या," डॉक्टर म्हणाले.

सुनंदा उंबऱ्यावरच बसली आणि पदरात तोंड घालून रडली. डॉक्टरांनी तिची समजूत घातली नाही, घड्याळ पाहिले नाही, की निघूनही गेले नाहीत. तिचे रडणे संपेपर्यंत ते उन्हात तसेच उभे राहिले. मी फाटकाबाहेर जाऊन गौरीला थेंब पाजले. तिला ते गोड लागले. ती आणखी मागू लागली.

नंतरचे आठवडे डॉक्टरांनी जे केले ते करायला त्यांना कुणी सांगितले नव्हते. दर रविवारी ते यशवंतपूरला जात, रमेशला आणि गौरीला गाडीत घालून अवघे शहर ओलांडून होसकोटेला नेत, आणि फाटकाबाहेर गौरीला उचलून उभे राहत. सुनंदा ओसरीवरून टाळ्या वाजवी, हाका मारी. मग घरी येऊन ते अंगावरचे सगळे कपडे उकळत्या पाण्यात टाकत आणि साबणाने घासून घासून अंघोळ करत, कारण सोमवारी दवाखान्यात दुसरे कोरे जीव वाट बघत असत. गौरीला त्यांचा चांगलाच लळा लागला. त्यांच्या चष्म्याच्या काड्या तिने दोनदा मोडल्या. "अज्जा", म्हणजे कन्नडमध्ये आजोबा, हा तिचा पहिला शब्द.

आणि तोच लळा आडवा आला. आठवडे सरले, तपासण्या झाल्या, आणि त्या रविवारी डॉक्टर गौरीला घेऊन फाटकातून आत आले. मीही होते. सुनंदाने हात पसरले. गौरीने तिच्याकडे एकदा पाहिले, किंचाळली, आणि डॉक्टरांच्या गळ्याला अशी मिठी मारली की ती सुटेना. सुनंदा पुन्हा पुढे झाली. गौरी पुन्हा किंचाळली. सुनंदाचे हात खाली आले. "मला वळखत न्हाई ती," ती म्हणाली. इतके महिने जिवाच्या करारावर तिने जे धरून ठेवले होते ते तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या खांद्यावर रडत होते. डॉक्टरांचा चेहरा त्या गोठलेल्या कुपीच्या दिवशीही इतका उतरला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांना विमानाने दिल्लीला जायचे होते. तिथल्या परिषदेत, रोपणानंतर शरीराची प्रतिकारशक्ती कशी परत येते या विषयावर, त्यांचे मुख्य भाषण होते. ते गौरीला घेऊन ओसरीवरच्या सतरंजीवर बसले. "सुनंदा, इथं शेजारी बस. हात पुढं करू नको. हाका मारू नको. तुझं काहीतरी काम घेऊन नुसती बस."

"तिनं न्हाईच वळखलं तर?"

"ओळखेल. तुझ्या अंगातल्या नव्या पेशींना तू कोण हे पहिल्या दिवशी कुठं ठाऊक होतं? त्या राहिल्या, आणि शिकल्या. घाई केली की बिघडतं."

आत्यांनी उकडलेल्या शेंगांचे भांडे आणून ठेवले. सुनंदा शेंगा सोलू लागली. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेले. विमानाची वेळ जवळ आली, मी डॉक्टरांना खुणावले, त्यांनी नकारार्थी मान हलवली. गौरी आधी रडायची थांबली, मग शेंगा फोडण्याच्या आवाजाकडे वळून बघू लागली. मग डॉक्टरांच्या मांडीवरून घसरली, सतरंजीवरून रांगत गेली आणि सुनंदाच्या ओच्यातला एक दाणा उचलून तिने तोंडात घातला.

इतक्या लहान मुलाच्या हाती शेंगदाणा देऊ नये, घशात अडकतो, हे मी आयांना दर बुधवारी बजावते. मी अर्धी उठलेही. पण सुनंदाने तोवर बोट घालून तो दाणा बाहेर काढला होता, कुठल्याही आईने काढावा तसा, विचारसुद्धा न करता. गौरीला राग आला. तिने तो ओला दाणा सुनंदाच्या बोटांतून हिसकावला आणि थेट तिच्या तोंडात कोंबला.

आता उठायची पाळी डॉक्टरांची होती. ज्या माणसाने देवाचे तीर्थ रुग्णाच्या ओठांना लागू दिले नाही, त्याच्यासमोर लाळेने भिजलेला, सतरंजीवर रांगलेल्या हातांनी मळलेला दाणा त्याची पेशंट चावत होती. डॉक्टर उठले, पुन्हा बसले, आणि तोंड फिरवून समोरच्या नारळाच्या झाडाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, त्यात लाजण्यासारखे काय आहे? आम्ही वळून पाहिले तेव्हा गौरी आईच्या मांडीत पाय पसरून बसली होती आणि दुसरा दाणा मागत होती.

"सरी," डॉक्टर म्हणाले.

दिल्लीचे भाषण दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवले. ते चांगले झाले असे ऐकले. डॉक्टरांनी त्याची चौकशीही केली नाही.

पुढे सुनंदाच्या लसी सुरू झाल्या, तेव्हा त्या दोघी मायलेकी माझ्या बाकावर शेजारी शेजारी बसत. आधी लेकीला टोचायचे, मग आईला. लसींच्या हिशेबाने लेक आईपेक्षा मोठी होती, आणि तसाच तोरा मिरवत ती आईच्या दंडावर फुंकर घाली. डॉक्टरांच्या हाताखाली अशी किती घरे पुन्हा उभी राहिली आहेत ते या ग्रंथात इतरांनी लिहिले असेलच. त्यांच्या दवाखान्यातून काही जण परतले नाहीत, त्यांची नावेही त्यांना पाठ आहेत, हे मात्र कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. त्या घरांत ते आजही दिवाळीला जातात.

डॉक्टरांना साठाव्या वर्षी काय चिंतावे, हे मी गेल्या आठवड्यात सुनंदाला विचारले. ती होसकोटेहून मुद्दाम भेटायला आली होती, दप्तरासकट गौरीला उचलून जिना चढल्यामुळे धापा टाकत होती. मला वाटले होते ती उदंड आयुष्य, आरोग्य, देवाची कृपा असे काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, पोरगी साळंला जायलीया, तरी माझ्या कडंवरनं उतरंना. कंबर मोडायची पाळी आलीया. ह्याच्यावर कायतरी औषध द्या की."

डॉक्टर, तक्रार तुमच्यापर्यंत पोचवली आहे. रोपणानंतरचे दुखणे आहे, तेव्हा औषध तुम्हीच द्यायचे. घाई अजिबात नाही. नीट जेवा, वेळेवर झोपा, गाडी चालवायला कुणाला तरी ठेवा, आणि गौरी आपली लेकरे कडेवर घेऊन तुमच्या दारात येईल तेव्हा सावकाश उत्तर द्या.